लोकर, सुया आणि स्टार वॉर्स : तुम्ही काय विणलंत?

४ मे जवळ आला, स्टार वॉर्सच्या चाहत्यांचा दिवस. या सिनेमाच्या प्रेमापोटी आपल्यातल्या कुणी कुणी सुया किंवा क्रोशा हातात घेतलाय, हे मला कधीचं जाणून घ्यायचंय. काय केलंत, कुणासाठी केलंत, कुठे अडलात, किती उसवलंत, सगळं आपल्या गावाच्या नावाखाली लिहा. टाक्यांचा तपशील दिलात तर दुसरीलाही करता येईल.

माझ्यापासून सुरुवात करते. १९७७चा पहिला सिनेमा मी सहावीत असताना दादाबरोबर पाहिला, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. दादाचा जीव च्युबाकावर, त्यातल्या उंच, केसाळ प्राण्यावर, जडला. पुढे वाचलं की सिनेमाचे दिग्दर्शक जॉर्ज लुकस यांच्या गाडीत शेजारच्या सीटवर त्यांचा इंडियाना नावाचा मालाम्यूट जातीचा केसाळ कुत्रा बसायचा, त्यावरून च्युबाका सुचला. पण मला खरा आनंद झाला तो दुसऱ्या गोष्टीचा. च्युबाकाचा तो केसाळ वेश मुळात विणलेला होता! मेकअपकार स्टुअर्ट फ्रीबॉर्न यांनी मोहेअरच्या (अंगोरा शेळीच्या लोकरीच्या) विणलेल्या अंगावर याकचे केस लावून तो घडवला आणि सात फूट तीन इंच उंचीचे पीटर मेह्यू तो घालून वावरले. तेव्हापासून तो सिनेमा लागला की माझं लक्ष आधी त्याच्या खांद्याकडे जातं.

दादाच्या पन्नाशीला मी त्याला च्युबाकाचा मफलर केला. तपकिरीच्या तीन छटा, एक धागा मोहेअरचा आणि एक साध्या लोकरीचा, दोन्ही एकत्र घेऊन. शालीच्या टोकांना झालर लावतो तसे बोटभर लांबीचे तुकडे क्रोशाने दर चौथ्या ओळीत अडकवले. त्यावरून तिरका पट्टा करड्या लोकरीचा, कारण च्युबाकाच्या अंगावर कपडा म्हणून तेवढाच असतो. अर्ध्यात लक्षात आलं की टाके वाढलेत. मोहेअर उसवताना त्याचे केस एकमेकांत गुंततात, धागा तुटतो. मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून तासभर फ्रीजरमध्ये ठेवलं, केस आखडले आणि हळूहळू सुटलं. ही युक्ती जरूर लक्षात ठेवा.

ठाणे
ताई, छान विषय काढलास. मी मुलासाठी आर-टू-डी-टू, म्हणजे सिनेमातला तो छोटा रोबो, स्वेटरच्या छातीवर घेतला. चौकटीच्या वहीत ग्राफ काढला, ३० घरं रुंद, ३० घरं उंच. विणून झाल्यावर तो इतका बुटका दिसला की मुलाने विचारलं, याच्यावर कोण बसलं? कारण साधं आहे. सुलट विणीचा टाका उंचीपेक्षा रुंद असतो. माझ्या हाताला १० सेंटीमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी बसतात. म्हणजे ३ टाक्यांच्या रुंदीएवढी उंची यायला ४ ओळी लागतात. पुढच्या वेळी ३० टाक्यांना ४० ओळी धरून ग्राफ नव्याने काढला आणि डोक्याचा घुमट नीट गोल आला. चित्र कुठलंही असो, आधी चौकोनी नमुना विणून मोजा. निळा रंग मागून नेताना धागा सैल सोडा, नाहीतर छाती आवळते.

शिकागो
नातीच्या बारशाला सिनेमातल्या राजकन्या लेआच्या केशरचनेची टोपी केली. बाळाचं डोकं ३५ सेंटीमीटर होतं, टोपी ३० सेंटीमीटरची, कारण रिब, म्हणजे उलट-सुलट टाक्यांची वीण, ताणते. कानांवरचे अंबाडे म्हणजे चार टाक्यांची लांब दोरी, चकलीसारखी गुंडाळून शिवलेली. फोटो काढले आणि लगेच टोपी उतरवली, कारण बाळ कुशीवर झालं की अंबाडा गालाखाली रुततो. आता नात सात वर्षांची आहे. टोपी तिच्या बाहुलीच्या डोक्यावर असते. सुनेने यंदा पहिल्यांदा तिला सिनेमा दाखवला, तेव्हा ती ओरडली, आजी, हिने माझी टोपी घातलीय!

नागपूर
मी पुरुष आहे, क्रोशा आईकडून शिकलो. दोन मुलं, म्हणून सिनेमातल्या प्रकाशाच्या तलवारी दोन. एसीच्या पाईपला घालतात तो काळा फोमचा नळा आणला, त्यावर मुक्या खांबांची (क्रोशाच्या सर्वांत साध्या, बुटक्या टाक्यांची) गोल नळी चढवली. मूठ करडी आणि काळी. जोरात लागली तरी दुखत नाही. भांडण झालं ते रंगावरून, दोघांनाही नायक ल्यूकचीच हवी होती. मग त्यांना सांगितलं की ल्यूकची तलवार आधी निळी आहे आणि १९८३च्या सिनेमात हिरवी. वाळवंटातल्या लढाईत निळ्या आकाशापुढे निळी तलवार उठून दिसेना, म्हणून रंग बदलला. दोन्ही ल्यूकच्याच ठरल्या.

कोल्हापूर
काळ्या पांघरुणावर सिनेमाच्या सुरुवातीची ती वर सरकणारी पिवळी अक्षरं घेतेय. काळी लोकर रात्री दिव्याखाली विणू नका. टाका सुटलेला दिसत नाही. मी फक्त सकाळी खिडकीत बसते, म्हणून दोन वर्षं चाललंय.

सोलापूर
मला मदत हवी आहे. भाच्यासाठी योडाची, त्या सिनेमातल्या लांब कानांच्या हिरव्या म्हाताऱ्या गुरूची, बाहुली करतेय, भाचा चार वर्षांचा आहे. डोकं झालं. मॅजिक रिंगमध्ये (ओढून आवळता येणाऱ्या सुरुवातीच्या वेढ्यात) ६ मुके खांब, मग दर फेरीला ६ वाढवत ४८ पर्यंत. पण कान लटकतात. तार घालू का?

ठाणे
तार नको गं, लहान मूल आहे, टोक बाहेर आलं तर डोळ्याला लागेल. साडेतीनऐवजी अडीच मिलिमीटरचा क्रोशा घे आणि प्रत्येक कानाचे दोन थर कर. दोन्ही थर एकत्र धरून कडेने मुके खांब घाल, ती कडच कानाला आधार देते. डोळेही काळ्या धाग्याने भर, प्लास्टिकचे लावू नकोस, मूल ते ओढून काढतं. आणि कपाळाच्या सुरकुत्या विसरू नकोस. फ्रीबॉर्न यांनी योडाचा चेहरा स्वतःच्या चेहऱ्यावरून आणि आइन्स्टाइन यांच्या डोळ्यांवरून घडवला होता. गडद हिरव्या धाग्याच्या तीन आडव्या ओळी भरल्यास की चेहऱ्यावर वय येतं. कान आधी टाचण्यांनी लावून बघ, टोकं जराशी खाली झुकलेली ठेव.

सोलापूर
दोन्ही कान उसवले. अडीचचा क्रोशा शेजारच्या काकूंकडून आणलाय. जेवणं झाली की बसते.