बुद्धिबळाच्या थेट प्रक्षेपणातून ती पट्टी काढून टाका

अडीचघर (धागाकर्ता)

आधीच सांगतो, मी यंत्रद्वेष्टा नाही. पोटापाण्यासाठी कोड लिहितो, स्टॉकफिश या इंजिनाची, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामची, नवी आवृत्ती आली की घरच्या जुन्या पीसीवर स्वतः कंपाइल करतो, आणि दोन इंजिनांना आपसात झुंजवून बघत बसणं हा माझा आवडता टाइमपास आहे. तेव्हा 'मग ईमेल कशाला, कबुतर पाठवा' छापाचे प्रतिसाद कृपया टाळावेत.

माझं भांडण एकाच गोष्टीशी आहे. पटाच्या कडेला जी उभी पांढरी-काळी पट्टी असते ना, ती. पांढऱ्याची बाजू वरचढ झाली की पांढरा भाग वाढतो, काळ्याची झाली की काळा, आणि शेजारी +१.७, -०.४ असे आकडे नाचत असतात. मागे इंजिन चालू असतं आणि ते क्षणाक्षणाला निकाल देत बसतं.

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. जागतिक अजिंक्यपदाचा चौदावा, म्हणजे शेवटचा डाव. गुकेश आणि तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन, गुण ६.५-६.५. डिंगकडे पांढरी मोहरी. एक प्यादं कमी, पण दोन्हीकडे हत्ती आणि उंट शिल्लक असल्यामुळे डाव बरोबरीकडे चाललेला. सगळे टायब्रेकच्या, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या जलद डावांच्या, गप्पा मारायला लागले होते. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ-२ या घरावर आणून हत्तींची मारामारी देऊ केली आणि पट्टी धाडकन काळी झाली. का, तर त्याचा उंट ए-८ च्या कोपऱ्यात होता. हत्ती गेले की गुकेश आपला उंट डी-५ वर आणणार, कोपऱ्यातल्या उंटाला पळायला जागा नाही, तोही मारला जाणार. मग उरतो नुसता राजा-प्याद्यांचा डाव, आणि तिथे ते एक जास्तीचं प्यादं पुरतं. अठ्ठावन्नाव्या चालीनंतर डिंगने डाव सोडला. अठरा वर्षांचा पोरगा जगज्जेता.

आता मला सांगा, कोपऱ्यात अडकलेला उंट ही काय सुंदर कल्पना आहे! ती मला सापडली नसती, कबूल. पण शोधायला वाव तरी मिळायला हवा होता की नाही? झालं काय, तर आधी पट्टी, मग समालोचकांची आरडाओरड, आणि मग 'असं का बरं' म्हणून कारण हुडकणं. गुकेशलाही ती चूक पहिल्या क्षणी दिसली नव्हती, हे त्यानेच नंतर सांगितलं. म्हणजे जे त्या क्षणी दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं, ते पोहे खाता खाता मला 'दिसलं'. मी केलं काय? एका रंगाची उंची पाहिली.

माझी मागणी एवढीच, की पट्टी मुळात बंद असावी. ज्याला हवी त्याने चालू करून घ्यावी.


झेंडापडला

साफ असहमत. आणि उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूचं दिलंत!

तो हत्ती एफ-२ वर आला तेव्हापासून गुकेशच्या लक्षात येईपर्यंतचे जे काही क्षण होते, ते माझ्या आयुष्यात मी खेळ म्हणून जे काही बघितलंय त्यात सगळ्यात वर आहेत. मला माहीत आहे, त्याला माहीत नाही. बघ रे बाबा, बघ. आणि मग त्याचा चेहरा बदलला! लपाछपीत लपलेला कुठे आहे हे बघणाऱ्यांना ठाऊक असतं, म्हणूनच तर कडेला उभं राहून बघण्यात मजा असते. पट्टी नसती तर मला ती नुसती अजून एक हत्तीची चाल वाटली असती आणि मी उठून चहा टाकायला गेलो असतो.

शोधायला वाव म्हणता, तर डाव संपल्यावर बसा की शोधत. कोणी अडवलंय?


आकडेमोडे

दोघंही त्या आकड्याला जेवढा मान देताय तेवढी त्याची लायकी नाही.

पूर्वी +१ म्हणजे ढोबळमानाने एका प्याद्याइतकी आघाडी. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्टॉकफिश १५.१ पासून व्याख्याच बदलली. आता +१ म्हणजे त्या स्थितीतून स्टॉकफिश स्टॉकफिशशीच खेळला तर जिंकण्याची शक्यता ५० टक्के. म्हणजे मापच मुळी यंत्र विरुद्ध यंत्राचं. घड्याळात दोन मिनिटं उरलेल्या, तळहाताला घाम सुटलेल्या माणसाशी त्याचा संबंध काय?

जून २०२५, नॉर्वे चेस स्पर्धा. माजी जगज्जेत्या कार्लसनविरुद्ध गुकेशचा डाव बराच वेळ हरल्यात जमा होता. पट्टी कार्लसनच्या बाजूने ठाम. वेळ संपत आली, कार्लसन चुकला, हरला, आणि टेबलावर असा हात आपटला की मोहरी हलली. ती क्लिप न बघितलेला माणूस इथे सापडायचा नाही. गुकेश ज्या चिकाटीने टिकून राहिला ती त्या पट्टीवर कुठे दिसत होती?

पट्टी काढू नका, बदला. वाचवणारी चाल एकच आहे की दहा आहेत, हे दाखवा. +० दिसतंय पण वाचायला एकच अवघड वाट आहे, अशा जागी माणूस कोसळतो. इंजिनला हे काढता येतं, एकाच वेळी चार-पाच पर्याय तपासायची सोय त्यात कधीपासून आहे.


गल्लीक्रिकेट

बुद्धिबळातलं मला प्यादं एक घर सरकतं एवढंच कळतं, पण आकड्यांचं दुःख आमच्याकडेही आहे. २९ जून २०२४, बार्बाडोस. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३०, सहा विकेट हातात, क्लासेन पेटलेला. पडद्यावरची जिंकण्याची टक्केवारी आपल्याला मातीत गाडून बसली होती. शेजारचे काका टीव्ही बंद करून झोपायला गेले. आपण ७ धावांनी जिंकलो.

तो आकडा नसता तर त्या रात्रीची निम्मी चव गेली असती. हरलेलो होतो आणि जिंकलो, हे 'हरलेलो होतो' कोणीतरी छातीठोकपणे सांगावं लागतं ना!


अडीचघर

@गल्लीक्रिकेट, पण ३० चेंडूंत ३० ही भीती तुम्हाला आकड्याशिवायही कळत होती. धावफलक समोर होता. बुद्धिबळात पट्टी हाच धावफलक होऊन बसलाय, आणि तो खेळाडूंना दिसत नाही. ते वेगळा खेळ खेळतायत, आपण वेगळा बघतोय.

शिवाय तुमच्याकडे चेंडूचा मार्ग दाखवणारं तंत्र अपील झाल्यावर, पंचाने निर्णय दिल्यावर पुढे येतं. चेंडू टाकल्या टाकल्या 'हा आउट आहे' असं पडद्यावर झळकलं तर चालेल का?


संत्रानगरी

आमच्या घरची गोष्ट सांगते. जुलै २०२५, बातुमी. दिव्या देशमुख विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पीसमोर. अख्खं नागपूर मोबाइलला डोळे लावून बसलेलं. माझ्या आईला बुद्धिबळ म्हणजे घोडा अडीच घर जातो, संपलं. ती माझ्या शेजारी बसून नुसती पट्टी बघत होती. 'अगं, काळं वाढलं की आपलं की त्यांचं?' मी सांगितलं, दुसऱ्या जलद डावात काळं आपलं. झालं, तिला खेळ कळला! वेळेच्या टंचाईत पट्टी वर-खाली व्हायला लागली तेव्हा तिने पदर तोंडात धरला होता. शेवटी हम्पीताई चुकल्या आणि आमची १९ वर्षांची पोरगी जिंकली, त्याच विजयाने ग्रँडमास्टरही झाली.

ती पट्टी नसती तर आई स्वयंपाकघरात असती. तुम्हा जाणकारांच्या कोड्यासाठी तिने बाहेर बसावं का? 'मुळात बंद' म्हणजे तिच्यासाठी कायमची बंद. सेटिंगमध्ये जाऊन ती काय चालू करणारे?


पाटावरचे मास्तर

मी मुलांना शिकवतो, म्हणून वेगळ्या कारणासाठी धागाकर्त्याच्या बाजूने.

परवा वर्गात एक मोठ्या खेळाडूंचा डाव लावला होता. एक चिरंजीव मागच्या बाकावरून म्हणाले, 'सर, काळा हरतोय.' का रे? 'मायनस चार आहे.' अरे, मायनस म्हणजे काळ्याची बाजू चांगली. बरं, का चांगली? गप्प. टॅब बंद करायला लावला आणि पट लावून दिला. मग वीस मिनिटं डोकं खाजवून पठ्ठ्याने बरोबर सांगितलं की पांढऱ्याच्या राजापुढची प्यादी विस्कटली आहेत आणि काळ्याचा वजीर तिथे पोचतोय. त्याला येत होतं! विचारलंच नव्हतं स्वतःला.

गुकेशचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला ग्रँडमास्टर होईपर्यंत इंजिनापासून लांब ठेवलं होतं. हल्लीच्या काळात हे धाडसच म्हणायचं. बाकीच्यांनी किमान बघताना तरी थोडा उपास करावा.


आकडेमोडे

मास्तर, शिकण्याबद्दल सहमत, पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. डिसेंबर २०१७ मध्ये अल्फाझीरो या प्रोग्रामने स्टॉकफिशविरुद्धच्या १०० डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. नियम सोडून माणसाने त्याला काहीही शिकवलं नव्हतं. त्यानंतर कडेचं प्यादं बिनधास्त पुढे रेटणं अव्वल खेळाडूंमध्ये रुजलं. यंत्राने खेळ मारला म्हणता, मला तर तो जिवंत झालेला दिसतो.


जुना वाचक

१९९५ साली आनंद-कास्पारोव सामना न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये, १०७व्या मजल्यावर झाला. आम्ही तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या पेपरात वाचायचो. नुसत्या चाली छापलेल्या. पट मांडायचा, एकेक चाल खेळायची, आणि पुढची झाकून ठेवायची. आठ डाव बरोबरीत, नववा आनंदने घेतला आणि वाड्यात पेढे वाटले. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, त्याबद्दल बोलायला नको.

धागाकर्त्याला पुढची चाल झाकून ठेवायची आहे, एवढाच मुद्दा मला समजला. तो योग्य आहे. पण काळ काही मागे जात नाही, आणि संत्रानगरीच्या आईसाहेबांचं म्हणणं मला तुम्हा सर्वांपेक्षा जास्त पटलं.


झेंडापडला

काका, पट्टी नव्हती म्हणून काय व्हायचं तेही सांगा ना! १९९७, डीप ब्लू या संगणकाविरुद्ध दुसरा डाव. कास्पारोवने राजीनामा दिला आणि मग विश्लेषकांनी दाखवलं की सारखे शह देत राहून बरोबरीची वाट होती. जगातला सर्वश्रेष्ठ खेळाडू बरोबरीसारखा डाव सोडून उठला आणि सभागृहातल्या कोणाला पत्ता नाही. तुम्हाला ते गूढ वाटतं, मला प्रेक्षकांची फसवणूक वाटते.


बिनतारी

अवांतर: यंत्र आणि बुद्धिबळ म्हटलं की मला मॉस्कोचा तो रोबो आठवतो. जुलै २०२२, सात वर्षांच्या मुलाने जरा घाईने चाल केली आणि रोबोच्या हाताने त्याचं बोट पकडून मोडलं. आयोजकांपैकी एकाचं म्हणणं काय, तर मुलाने घाई केली! त्यापुढे तुमची पट्टी फारच गरीब आहे हो.

आणि २०२४ च्या डिसेंबरात जीन्स घातली म्हणून कार्लसनला २०० डॉलर दंड झाला, तो जागतिक जलद स्पर्धा सोडून गेला, पुन्हा ब्लिट्झला, म्हणजे अतिजलद डावांच्या स्पर्धेला, परत आला आणि नेपोम्नियाशीबरोबर विजेतेपद वाटून घेतलं. या खेळाला रंगत आणायला इंजिन लागतं असं मला तरी वाटत नाही. माणसं पुरेशी आहेत.


अडीचघर

जरा सुधारून मांडतो, कारण संत्रानगरींच्या प्रतिसादाला बगल देणं बरोबर नाही.

पट्टी राहू द्या, पण एक चाल मागे ठेवा. समोरच्याने उत्तर दिलं की मगच ती हलावी. डिंग हत्ती खेळला, पट्टी जागच्या जागी. गुकेशने मारला, मग काळी. आईंना खेळ कळेल, मला विचार करायला जागा मिळेल. तांत्रिकदृष्ट्या यात काहीही अवघड नाही. २०२२ मध्ये सिंकफील्ड कप या स्पर्धेतून कार्लसन नीमनशी हरल्यावर बाहेर पडला, तेव्हा आयोजकांनी अख्खं प्रक्षेपणच १५ मिनिटं उशिरा दाखवायला सुरुवात केली होती. कोणी बाहेरून इशारे करू नयेत म्हणून. तिथे १५ मिनिटं चालतात, तर इथे एक चाल का नाही?


आकडेमोडे

कारण जुन्या पद्धतीच्या डावात 'एक चाल' म्हणजे कधी कधी चाळीस मिनिटं. तोवर समालोचकांनी काय करायचं? त्यांच्यासमोर इंजिन असतंच. पट्टी लपवाल, त्यांचा आवाज चढला की सगळ्यांना कळणारच.


संत्रानगरी

एक चाल मागे म्हणजे शिळी बातमी. आई दोन मिनिटांत उठेल. माझं मत विरोधात.


अडीचघर

@आकडेमोडे, हो, तिथेच तर अडलंय. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर मी इंजिन कधीच बंद करून ठेवलंय. समालोचक ओरडतात त्याचं काय करू? आणि बाजूच्या चॅटमध्ये 'ब्लंडर!!' म्हणून जो पाऊस पडतो त्याचं?


झेंडापडला

आवाज बंद, चॅट बंद, पट मांडून बसा. कमेंट्री ऐकायचीच असेल तर मास्तरांना फोन लावा, ते वीस मिनिटं काहीच सांगणार नाहीत.