मदत हवी आहे : प्रदर्शनात पाऊच खपतात, गोधडी एकही नाही. काय चुकतंय?

धावदोरा

नमस्कार मंडळी. मी पुण्यात राहते. सासूबाई आणि मी मिळून हाताने गोधड्या शिवतो. त्या सांगलीतल्या जतकडच्या, त्यांच्या तोंडी गोधडीला 'वाकळ'च असते. लॉकडाऊनमध्ये वेळ जावा म्हणून सुरू केलं, आता घरात अकरा गोधड्या घडी घालून पडल्यात.

गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा स्टॉल घेतला, तीन दिवसांचा. हिशेब असा: स्टॉलचं भाडं 4500, टेम्पो जाऊन-येऊन 900. खणाचे पाऊच 80 रुपयांना, 34 गेले. बाळाची दुपटी 550 ला, चार गेली. एकूण गल्ला 4920. म्हणजे कापडदोरा न धरताच 480 रुपये अंगावर. गोधडी शून्य. भाव 2200 ठेवला होता.

लोक बघत नाहीत असं नाही. एक बाई छान हात फिरवत उभ्या होत्या. टाके मोजल्यासारखे बघत होत्या. मी म्हटलं, घेणार. तर विचारलं, "जुन्या साड्यांची ना? कुणाच्या साड्या?" मी खरं सांगितलं, ओळखीपाळखीतून गोळा केलेल्या, धुऊन, इस्त्री करून घेतलेल्या. त्यांनी हात हळूच काढून घेतला आणि पुढच्या स्टॉलवर लोणच्याची चव बघायला गेल्या. दुसरे एक काका, "मॉलमध्ये नऊशेला मिळते."

त्यात जागा आम्हाला आधी सांगितली होती मधल्या रांगेत, मिळाली भज्यांच्या कढईशेजारी. घरी आल्यावर सगळ्या गोधड्यांना तळणीचा वास. उन्हात दोन दिवस टाकल्या तेव्हा गेला.

माझे प्रश्न: भाव कमी करू का? कुठल्या प्रदर्शनात जाऊ? की गोधडीचा नाद सोडून पाऊचच शिवू?

हिशेबी

भाव कमी करायच्या आधी एक सांगा, एका गोधडीला वेळ किती लागतो आणि सामान किती?

धावदोरा

दोघी मिळून रोज तीन तास धरा, साधारण 21 दिवस. सामान 750 च्या आसपास. मधला थर आणि मागचं अस्तर नवीन घेते, दोरा वेगळा.

हिशेबी

म्हणजे 63 तास. 2200 वजा 750, उरले 1450. तासाला 23 रुपये. आणि हे तुम्ही कमी करायचं म्हणताय! स्टॉलचं भाडं तर यात धरलेलंच नाही. नऊशेच्या मालाशी तुमची बरोबरीच नाही, तो मशीनवरचा आणि आत पॉलिस्टरचा. त्या काकांना सोडून द्या, ते 1200 लाही घेणार नव्हते.

मातीकाम

मी टेराकोटाचे दागिने विकते, नऊ वर्षं झाली. आधी एक विचारते, राग मानू नका. गोधड्या टेबलावर घडी करून ठेवल्या होत्या का?

धावदोरा

हो. एकावर एक. टेबल एकच होतं, सहा फुटी. वरच्या दोन दिसत होत्या.

मातीकाम

मग नऊ गोधड्या तुम्ही फिरायला नेल्या होत्या. गोधडी टांगायची वस्तू आहे, दहा पावलांवरून दिसली पाहिजे. भाडं भरायच्या आधी आयोजकांना विचारा, मागे भिंत मिळते का, खिळा-दोरी चालते का. मिळत नसेल तर दोन उभे स्टँड आणि एक आडवा बांबू स्वतःचा न्या. एकच टांगा, पण पूर्ण उघडी. तिची मागची बाजू दिसेल असा कोपरा दुमडून ठेवा, हाताच्या टाक्याची खरी ओळख मागूनच पटते. किंमत मोठ्या अक्षरात लिहा. आपल्याकडे निम्मे लोक भाव विचारायला लाजतात आणि निघून जातात.

आणि सासूबाईंना स्टॉलवर शिवत बसवा. खरंच सांगते. मी मणी वळत बसते तेव्हा लोक थांबतात, मोबाईल बघत बसले की थांबत नाहीत.

बारीकसारीक: दहाच्या नोटा भरपूर ठेवा. गर्दीत नेट मंदावतं, क्यूआर स्कॅन करून 'गेले हं पैसे' म्हणत लोक निघतात. आवाज देणारा डबा ऐकू आल्याशिवाय पिशवी हातात द्यायची नाही. मी असे साडेतीनशे घालवलेत.

चिंधीबाजार

माझ्या मते तुमचा प्रश्न भावाचा नाहीच, त्या बाईंच्या प्रश्नात उत्तर आहे. अनोळखी माणसाची जुनी साडी अंगावर घ्यायला शहरात लोक कचरतात. तीच साडी स्वतःच्या आजीची असली की गोधडीला किंमत विचारत नाहीत. तेव्हा स्टॉलवर विकायला नव्या सुती कापडाच्या तीन-चारच ठेवा, आणि शेजारी पाटी लावा: 'तुमच्या घरातल्या साड्यांची गोधडी शिवून मिळेल.' नमुना म्हणून तुमच्या घरची एक टांगा, विकायची नाही अशी. मी मुंबईत चिंध्यांच्या पिशव्या-पडदे करते, माझं निम्म्याहून जास्त काम प्रदर्शनानंतर फोनवर येतं. त्यामुळे नाव-नंबर लिहायला वही ठेवाच.

कुठे जायचं ते ऋतू बघून ठरवा. राखीच्या प्रदर्शनात गोधडी कोण घेणार? दिवाळीच्या सोसायटी प्रदर्शनात लोक पणत्या, उटणं, फराळ घ्यायला येतात. पाऊच तिथे न्या. गोधडी डिसेंबरात. पुण्यात भीमथडी जत्रा त्याच दिवसांत असते, यंदा नुसत्या बघायला जा. फाटकाशी उभं राहून बाहेर पडणाऱ्यांच्या हातात काय आहे ते बघा, खाण्याच्या पुड्या की कापडाच्या पिशव्या. कुठल्याही प्रदर्शनाचं भाडं भरण्याआधी मी हेच करते.

मुंबईतलं महालक्ष्मी सरस हे प्रदर्शन मुख्यतः ग्रामीण बचत गटांसाठी असतं, 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण अभियानातर्फे. तुम्ही शहरातल्या, पण सासूबाईंच्या गावातल्या बायकांचा गट असेल तर त्यांना सांगा. शिवाय केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्त कार्यालयाकडून कारागिरांना 'पहचान' ओळखपत्र मिळतं. गोधडी त्यांच्या कुठल्या हस्तकला-प्रकारात बसते ते विचारून घ्या. गांधी शिल्प बाजारसारख्या सरकारी हस्तकला प्रदर्शनांत अर्ज करताना कामी येतं.

धावदोरा

सगळ्यांचे आभार. सासूबाईंना विचारलं. "मला काय शोकेसमध्ये बसवणार?" म्हणाल्या. पण चष्मा पुसून ठेवलाय, बघू.

धावदोरा

(दीड महिन्याने) धागा वर काढते. एका शाळेच्या मैदानावर दोन दिवसांचा छोटा स्टॉल घेतला, भाडं 1200. बांबू आम्हीच नेला. सासूबाई आल्या, दुसऱ्या दिवशी तर माझ्याआधी तयार. त्यांच्याभोवती बायका बसल्याच जमिनीवर, एकीने स्वतः चार टाके घालून बघितले (नंतर उसवावे लागले). नव्या कापडाची एक गोधडी गेली, 3800 ला. घासाघीस झाली, मी मागची बाजू दाखवली आणि गप्प राहिले. सहा पाऊच त्या घेणाऱ्या बाईंना फुकट द्यावेसे वाटत होते, आवरलं.

वहीत अकरा नंबर आले. त्यातल्या दोघींचे फोन आले आणि एकजण काल घरी पिशवी ठेवून गेली: आईची दोन नऊवारी, एक वॉयल आणि एक जरीकाठाची. शिलाई 3000 सांगितली, 1000 आगाऊ घेतले. बरोबर घेतले ना? आणि त्या जरीचं काय करू? आईची लग्नातली आहे, ती हवीच म्हणते. पण जर अंगाला टोचेल.

चिंधीबाजार

शिलाई निम्मी आगाऊ घ्या, साड्या देऊन माणसं वर्षभर फिरकत नाहीत. काठ आधी सोडवून घ्या. मधला भाग मऊ असेल तर वरच्या थराला लावा. काठाची पट्टी पायाकडच्या बाजूला, चेहऱ्यापासून लांब, आणि तिच्या मागे सुती कापड. कापण्याआधी त्यांना फोटो पाठवून 'कापू का?' हे लिहून घ्या. एकदा कात्री चालली की सांधता येत नाही.

धावदोरा

कात्री हातात घेऊन बसले होते. आधी फोटो पाठवते.