प्रोस्टेट एमआरआय: नवी डिफ्यूजन मॉडेलं हवीत, की आहे तेच नीट करायचं?

गाळणी (धागाकर्ता)
कर्टोसिस, आयव्हीआयएम, आरएसआय, व्हर्डिक्ट... प्रोस्टेट कर्करोग शोधायला डिफ्यूजन एमआरआयची, म्हणजे शरीरातलं पाणी किती मोकळं हलतं ते टिपणाऱ्या एमआरआयची, आकडेमोड करणारी नवनवी गणिती मॉडेलं निघतायत. माझं मत: यातलं एकही रोजच्या तपासणीत आणायची घाई नको.

निरोगी ग्रंथीच्या पोकळ्यांत पाणी मोकळं फिरतं. कर्करोगात पेशी दाटीवाटीने वाढतात, पोकळ्या बुजतात आणि पाणी अडतं. म्हणून तो भाग एडीसी नकाशावर (पाणी किती मोकळं हलतं त्या आकड्याच्या नकाशावर) काळा आणि चढ्या बी-व्हॅल्यूच्या (पाण्याच्या हालचालीला चित्र किती संवेदनशील ते ठरवणाऱ्या सेटिंगच्या) चित्रात पांढरा दिसतो. पाय-रॅड्समध्ये, म्हणजे कर्करोगाच्या संशयाला १ ते ५ गुण देणाऱ्या पद्धतीत, ग्रंथीच्या बाहेरच्या भागाचा गुण मुख्यतः यावरच ठरतो. २०१८ च्या प्रिसिजन चाचणीत ५०० पुरुष होते. आधी एमआरआय करून मग नेमकी बायोप्सी केली तेव्हा महत्त्वाचा (म्हणजे उपचाराची गरज पडू शकेल असा) कर्करोग ३८ टक्क्यांत सापडला, नेहमीच्या बायोप्सीत २६ टक्क्यांत. हे सगळं कुठल्याही नव्या मॉडेलशिवाय. मग आटापिटा कशाला?

मिती
साफ असहमत. २०१७ च्या प्रॉमिस अभ्यासाबद्दल सोयीस्कर मौन पाळलंत. ५७६ पुरुष, एमआरआयची संवेदनशीलता (असलेला कर्करोग पकडणं) ९३ टक्के, पण विशिष्टता (नसलेल्याला नाही म्हणणं) ४१. म्हणजे महत्त्वाचा कर्करोग नसलेल्या दर दहांपैकी जवळजवळ सहा जणांचा एमआरआय संशयास्पद. त्यांना विनाकारण सुईची धास्ती.

कारण उघड आहे. एडीसी हा एकच आकडा. पेशींच्या आतलं पाणी, बाहेरचं पाणी, रक्तवाहिन्यांतलं पाणी, सगळ्याची त्यात खिचडी होते. प्रोस्टेटला सूज असली तरी एडीसी घसरतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये घडलेलं व्हर्डिक्ट हे तीन हिस्से वेगळे काढतं आणि पेशींच्या आतला वाटा किती ते सांगतं. ३०३ पुरुषांवरच्या अभ्यासात महत्त्वाचा कर्करोग ओळखण्यात हा वाटा एडीसीपेक्षा सरस ठरलाय.

गाळणी
कर्टोसिसचीही अशीच वाहवा झाली होती. २०१२ मध्ये एडीसीपेक्षा चांगलं म्हणून आलं, २०१५ च्या एका अभ्यासात एडीसीपेक्षा जास्त काहीच हाती लागलं नाही. पहिल्या निकालावर कशाला भाळायचं? शिवाय व्हर्डिक्टला बी-व्हॅल्यू ३००० पर्यंत न्यावी लागते. तिथे सिग्नल इतका पडतो की गोंगाटातून उपसून काढावा लागतो.

कन्सोलवाला
दोघंही आकड्यांवर भांडताय, मी टेबलाशेजारून सांगतो. गुदाशयात गॅस असला की डिफ्यूजनचं चित्र तिथेच ओढलं जातं. टी-२ चित्रात (रचना दाखवणाऱ्या साध्या एमआरआय चित्रात) ग्रंथीची मागची कड गुळगुळीत, डिफ्यूजनमध्ये तीच कड चेपलेली, वाकडी. आणि बहुतेक कर्करोग नेमके त्याच मागच्या भागात. खुब्यात धातूचा सांधा असेल तर विचारूच नका. अशा चित्रावर तीन हिस्स्यांचं मॉडेल बसवलं तरी उत्तर येतंच, बरं का. संगणक नाही म्हणत नाही.

पण गाळणी, तुम्ही ‘नवं तंत्र’ म्हणजे फक्त मॉडेल धरताय. लहान चौकटीचं डिफ्यूजन (फक्त ग्रंथीपुरतं चित्र), सिग्नलचं तुकड्यातुकड्यांनी वाचन, हीही प्रगत तंत्रंच, आणि ती हा वाकडेपणा कमी करतात. मला आधी ती हवीत.

मिती
कन्सोलवाल्यांशी सहमत. वेळेचा मुद्दा कुणी काढायच्या आत सांगतो: २०२५ मध्ये आलेल्या प्राइम चाचणीत कॉन्ट्रास्ट (शिरेतून टोचायचं औषध, ज्याने चित्र उठून दिसतं) गाळून महत्त्वाचा कर्करोग २९.२ टक्क्यांत सापडला, कॉन्ट्रास्टसकट २९.६ टक्क्यांत. म्हणजे इंजेक्शन आणि त्याची मिनिटं वाचली. ती डिफ्यूजनला द्या.

गाळणी
प्राइममध्ये केंद्रांच्या चित्रांची प्रत आधी तपासून घेतली होती, हे सोडून दिलंत. तिथेही जोर आहे त्या डिफ्यूजनवरच होता. वाचलेली मिनिटं साधं डिफ्यूजन पुन्हा घ्यायला वापरा, गॅस सरकेपर्यंत.

उंबरठा
माझ्या काकांच्या रिपोर्टवर ‘पाय-रॅड्स ३’. डॉक्टर म्हणाले, बायोप्सी करा किंवा थांबा. तुमच्या वादात काकांनी काय करायचं?

गाळणी
काकांच्या डॉक्टरांना पीएसए घनता विचारा, म्हणजे पीएसएला (रक्तातल्या प्रोस्टेटच्या प्रथिनाच्या पातळीला) ग्रंथीच्या आकारमानाने भागून येणारा आकडा. तो ०.१५ च्या खाली असेल आणि घरात कुणाला हा आजार नसेल, तर थांबून पुन्हा तपासण्याचा पर्याय खुला असतो. निर्णय अर्थात त्यांच्याशी बोलूनच. यासाठी नवं मॉडेल लागत नाही.

मिती
लागतं तिथेच तर लागतं! घनता नेमकी ०.१५ च्या आसपास घुटमळणारे किती असतील. पेशींच्या आतल्या वाट्याचा उपयोग याच पाय-रॅड्स ३ च्या गटाला.

गाळणी
मग चाचणी याच गटावर घ्या. किती बायोप्सी टळल्या आणि टाळताना किती कर्करोग निसटले, हे दोन आकडे एकत्र दाखवा. तेही वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर, कारण एडीसीचा आकडासुद्धा यंत्र आणि बी-व्हॅल्यूनुसार बदलतो. तोवर माझं मत तेच.

मिती
अट मान्य. फक्त चित्र वाकडं आलं म्हणून व्हर्डिक्टला नापास करू नका, त्या वेळी एडीसीलाही तीच कात्री लावा.

कन्सोलवाला
आणि चाचणीआधी गुदाशय रिकामं करून घ्या, एवढं कुणीतरी प्रोटोकॉलमध्ये लिहा.