‘प्रयत्न’ या एका शब्दासाठी इंग्रजीतला नेमका शब्द कसा निवडावा? सल्ला हवा आहे

माळरान (केज, जि. बीड)

नमस्कार. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात पाणलोटाची कामे करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी काम करते. सलग समतल चर खोदणे, नालाबांध घालणे, ग्रामसभा भरवणे हे सारे मराठीत चालते. वर्षअखेरचा अहवाल मात्र निधी देणाऱ्यांसाठी इंग्रजीत लिहावा लागतो आणि ते काम माझ्याकडे असते. यंदा ‘चर टिकवण्यासाठी गावकऱ्यांची धडपड चालू आहे’ या अर्थाने मी ‘द व्हिलेजर्स आर स्ट्रगलिंग टू मेन्टेन द ट्रेंचेस’ असे लिहिले. आठ दिवसांत तिकडून विचारणा आली की चर बुजले आहेत काय, आणि बुजले असतील तर पुढचा हप्ता कशासाठी हवा आहे. वस्तुस्थिती अशी की पहिल्या मोठ्या पावसानंतर गावातल्या बायकांनीच फावडी-घमेली घेऊन चरांतला गाळ उपसला होता.

माझ्याजवळच्या इंग्रजी-मराठी कोशात ट्राय, अटेम्प्ट, एफर्ट, एन्डेव्हर, स्ट्राइव्ह या सगळ्यांपुढे ‘प्रयत्न’ एवढेच दिलेले आहे. यांतला फरक कळण्यासाठी काय वाचावे आणि कसे वाचावे, याचे मार्गदर्शन मिळाल्यास उपकार होतील.

गोदाकाठ (नांदेड)

ताई, चूक कोशाची नाही आणि तुमचीही फारशी नाही. आपल्याकडे ‘धडपड्या माणूस’ म्हटले की कौतुक होते. इंग्रजीत ‘स्ट्रगलिंग’ म्हटले की ऐकणारा ‘याला जमत नाही’ असे समजतो. गंमत अशी की हाच शब्द नाम म्हणून आला की त्याला मान मिळतो. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपलेल्या आपल्या मुक्तिसंग्रामाला इंग्रजीत ‘स्ट्रगल’ म्हणताना कोणालाही कमीपणा वाटत नाही, कारण तिथे झगडा कोणाशी होता हे सर्वांना ठाऊक असते. ‘स्ट्रगलिंग टू’ अशी क्रियापदाची रचना झाली की समोरचा शत्रू नाहीसा होतो आणि फक्त दमछाक उरते.

वाचायचे म्हणाल तर माझा सल्ला थोडा वेगळा आहे. कोश बाजूला ठेवा आणि भारतीय संविधानाचा चौथा भाग इंग्रजीतून वाचा. मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवत असताना मुलांकडून हेच करून घेत असे. अनुच्छेद ३८ च्या दुसऱ्या खंडात एकाच वाक्यात दोन शब्द आले आहेत: राज्याने उत्पन्नातील विषमता कमीत कमी करण्यासाठी ‘स्ट्राइव्ह’ करावे आणि दर्जा, सुविधा व संधी यांतील विषमता नाहीशी करण्यासाठी ‘एन्डेव्हर’ करावे. स्ट्राइव्ह हा शब्द भांडण या अर्थाच्या ‘स्ट्राइफ’च्या कुळातला आहे. म्हणून त्यात विरोधाला तोंड देत दीर्घकाळ झटणे आहे, आणि ज्यासाठी झटायचे ते बहुधा पूर्ण हाती येत नाही. नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत, अनुच्छेद ५१क मध्ये, उत्कृष्टतेच्या संदर्भात हाच शब्द योजला आहे. एन्डेव्हरच्या मुळाशी कर्तव्य या अर्थाचा जुना फ्रेंच शब्द आहे, त्यामुळे त्यात अंगावर घेतलेल्या जबाबदारीचा सूर लागतो. समान नागरी कायद्याचा अनुच्छेद ४४ पाहा, तिथेही एन्डेव्हरच आहे. अनुच्छेद ३८ चा तो दुसरा खंड १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने आला. तो लिहिणाऱ्यांनी दोन्ही शब्द तोलून वापरले होते, की केवळ द्विरुक्ती टाळली होती, हे मी ठामपणे सांगणार नाही. फरक कानावर मात्र नक्की पडतो.

एफर्ट हे नाम आहे आणि ते ‘मेक’बरोबर चालते. आपण ‘प्रयत्न करणे’वरून ‘डू एफर्ट’ लिहितो, ते टाळावे.

वकिली_बाणा (परभणी)

अटेम्प्टबद्दल मी लिहितो, कारण तो आमच्या रोजच्या कामातला शब्द आहे. खुनाच्या प्रयत्नासाठी पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ३०७ लागत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०९ लागते. दोन्हीकडे इंग्रजीत शब्द अटेम्प्ट हाच आहे. केवळ शस्त्र विकत आणले तर ती तयारी झाली. प्रत्यक्ष कृतीला हात घातला की अटेम्प्ट झाला. म्हणजे या शब्दाला ठरलेली सुरुवात असते आणि तो मोजता येतो. स्पर्धा परीक्षेची मुले ‘माझे दोन अटेम्प्ट झाले’ म्हणतात ते अगदी बरोबर आहे: केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेच्या एका पेपरला जरी बसले तरी अटेम्प्ट मोजला जातो, केवळ अर्ज भरल्याने नाही. वर्षभर चाललेल्या कामाला मात्र हा शब्द लावू नये.

साधी_गोष्ट (लातूर)

एवढा विचार कशाला करायचा? सगळीकडे ट्राय लिहावे, कोणी हरकत घेणार नाही.

गोदाकाठ (नांदेड)

ट्रायमध्येही खोच आहे. ‘आम्ही ठिबक बसवून पाहिले’ आणि ‘आम्ही ठिबक बसवण्याचा प्रयत्न केला’ ही मराठीत दोन वेगळी वाक्ये आहेत ना? पहिल्यात ठिबक बसले, उपयोग होतो की नाही ते पाहिले. तिथे ‘ट्राय’नंतर ‘इन्स्टॉलिंग’ येईल. दुसऱ्यात ते बसले की नाही हेच कळत नाही. तिथे ‘टू इन्स्टॉल’ येईल. निधी देणाऱ्याच्या लेखी हा फरक पुढच्या हप्त्याइतका मोठा आहे.

रात्रपाळी (छत्रपती संभाजीनगर)

रुग्णालयातली एक भर घालते. ‘जिना चढताना धाप लागते का?’ असे आम्ही रुग्णाला विचारतो आणि केसपेपरवर ‘ऑन एग्झर्शन’ लिहितो. तिथे एफर्ट लिहिले तरी डॉक्टरांना कळते, पण अहवालात एग्झर्शन लिहिले तर वाचणाऱ्याला शरीराला पडलेला ताणच दिसेल, गावाची चिकाटी दिसणार नाही. शिवाय मला वाटते की जे काम पुरे झाले आहे, त्याच्यामागे प्रयत्नाचा शब्द लावूच नये. गाळ काढला असेल तर काढला असे लिहावे.

माळरान (केज, जि. बीड)

सर्वांचे मनापासून आभार. रात्रपाळी ताईंचे म्हणणे पटल्यामुळे ‘स्ट्रगलिंग’चे वाक्य काढून टाकले आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर बायकांनी दोन दिवसांत चर मोकळे केले, असे सरळ लिहिले. पुढच्या वर्षीच्या नियोजनात ‘मेक अ सस्टेन्ड एफर्ट’ घेतले आहे. ‘स्ट्राइव्ह’ प्रस्तावनेत होता तो ठेवला, कारण टँकरमुक्त गाव हे उद्दिष्ट अजून लांब आहे. ‘श्रमदान’ हा शब्द मात्र मी भाषांतर न करता तसाच ठेवला असून त्याचा अर्थ खाली एका ओळीत दिला आहे. त्याला ‘व्हॉलंटरी लेबर’पेक्षा बरा प्रतिशब्द कोणाला सुचत असेल तर शुक्रवारपर्यंत कळवावा, अहवाल त्यानंतर जाणार आहे.