जुळ्यातलं दुसरं कोकरू माय घेत नाही; चीक कधी, किती पाजायचा?

वस्तीवरचा_वाडा (सांगोला)
मंडळी, वस्तीवर १४ दख्खनी मेंढ्या आहेत. त्यातल्या ६ सुवर्णा या जुळं देणाऱ्या जातीच्या मेंढ्याच्या पैदाशीच्या. डिसेंबरात व्यायला येतात आणि या सहांना बहुतेक जुळंच होतं. पहिलं कोकरू उभं राहतं, दुसऱ्याला माय डोक्यानं ढकलते, पहाटेपर्यंत ते गार पडतं. वार (कोकरामागून पडणारी जार) पडेपर्यंत चीक पाजू नये म्हणतात, ते बरोबर का? चीक किती द्यायचा? आणि वरचं दूध गाईचं दिलं तर पाणी किती घालायचं?

माणकाठ
वारेची वाट अजिबात बघू नका. वार पडायला ५-६ तासही लागतात आणि तेवढ्यात कोकरू हातचं जातं. जन्मताना त्याच्या अंगात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं जवळजवळ नसतात, ती चिकातूनच मिळतात. ती शोषून घ्यायची आतड्याची ताकद तासातासाला कमी होते आणि २४ तासांत संपते. उलट कोकरू सडाला लागलं की गर्भाशय आकसतं आणि वार सुटायला मदतच होते. १२ तासांनंतरही वार लोंबत असेल तर ओढू नका, डॉक्टरांना बोलवा.

माप असं: पहिल्या दोन तासांत वजनाच्या किलोला ५० मिली आणि २४ तासांत मिळून किलोला २०० मिली. म्हणजे अडीच किलोच्या कोकराला पहिल्यांदा १२५, दिवसभरात ५०० मिली.

जन्मल्यावर नाकातोंडातला चिकटा काढा, कोरड्या पोत्यानं चोळा, बेंबी ७ टक्के टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. नुसते थेंब टाकून भागत नाही, लहान बाटलीचं तोंड बेंबीवर धरून उलटी करा. मग दोन्ही सडांतून दोन-तीन धारा काढा. सडाच्या टोकाला मेणासारखं बूच बसलेलं असतं. ते निघालं नाही तर कोकरू तासभर चोखत राहतं, शेपूटही हलवतं, पण पोटात काहीच जात नाही. म्हणून चोखताना बघून समाधान मानू नका, पोट चाचपून बघा. कासेभोवती लोकर असेल तर व्यायच्या आठवडाभर आधी कातरून ठेवा, नाहीतर कोकरू लोकरीचा झुपकाच चोखत बसतं.

गार पडलेल्या कोकराच्या तोंडात बोट घाला. टाळू गार लागला की थर्मामीटर लावा. ३९ ते ४० अंश ठीक. ३७ च्या खाली असेल तर तोंडानं काही ओतू नका. गिळायची ताकद नसते, दूध फुप्फुसात जातं. आधी पुसून कोरडं करा, खोक्यात गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि ऊब धरली की पाजा. पण जन्मून ५ तासांवर झाले असतील तर अंगातली साखर संपलेली असते, नुसती ऊब दिली की झटके येतात. अशाला आधी पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन लागतं. ते डॉक्टरांचंच काम, १९६२ या जनावरांच्या सरकारी मदत क्रमांकाला फोन करा.

काटेबाभूळ
ढकलण्याबद्दल. बऱ्याचदा होतं असं की मेंढी पहिलं चाटते, दुसऱ्याची कळ आली की उठून लांब जाऊन बसते आणि दोघांतलं एक तिनं हुंगायचं राहून जातं. ती ओळखते ती जन्मपाण्याच्या वासानं. म्हणून व्यायला आली की ४ बाय ४ फुटांच्या तट्ट्याच्या आडोशात घ्या. दोन्ही कोकरं तिच्या तोंडाशी ठेवा आणि डेटॉलनं धुऊ नका, वासच जातो.

तरी ढकलत असेल तर बांधायच्या आधी कास बघा. एक बाजू गरम, टणक, दुधात गाठी, असं असेल तर तो कासदाह आहे. ती दुखतं म्हणून लाथ मारते. कास चांगली असेल तर मान दोन उभ्या दांडक्यांत अडकवा. तिला खाता, बसता आलं पाहिजे, वळून हुंगता येऊ नये. ३-४ दिवसांत बहुतेक जणी घेतात.

वस्तीवरचा_वाडा (सांगोला)
धन्यवाद दादा. वरच्या दुधाचं आणि खुराकाचं कुणी सांगेल का? सध्या सगळ्यांना ज्वारीचा कडबाच आहे.

शेवरीचा_पाला
पाणी घालूच नका. मेंढीच्या दुधात फॅट ६-७ टक्के असतं, गाईच्या ४ च्या आसपास. त्यात पाणी म्हणजे उपासच. म्हशीचं दूध सर्वांत जवळचं, पंढरपुरी म्हैस शेजारी असेल तर तेच घ्या. पहिल्या आठवड्यात रोज ४००-५०० मिली, ४-५ वेळा, अंगाला कोमट लागेल असं. बाटली उलटी केली की थेंब पडावेत, धार नको.

पण खरं दुखणं कडब्यात आहे. गर्भाची सुमारे ७० टक्के वाढ शेवटच्या ६ आठवड्यांत होते. दोन कोकरांनी पोट व्यापलं की कडबा बसायला जागाच उरत नाही, आणि त्यात प्रथिनं नावालाच. सुवर्णाच्या पैदाशीला जुळं होतं ते फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या गारोळ मेंढीतून आणलेल्या जनुकामुळे. जुळं मागायचं तर दाणाही द्यावाच लागेल. त्या सहांना वेगळं काढून मक्याचा भरडा आणि शेंगदाणा पेंड मिळून रोज २५०-३०० ग्रॅम, दोन वेळांत विभागून द्या. सोबत तुरीचं भुसकट, शेवरी. एकदम सुरू करू नका, ५० ग्रॅमपासून वाढवत न्या. गाभण मेंढी कळप सोडून मान टाकून उभी राहिली, खाणं सोडलं आणि श्वासाला गोडसर वास आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. व्यायच्या ४ आठवडे आधी आंत्रविषाराची लस, म्हणजे चिकातून कोकरांनाही संरक्षण मिळतं.

चीक साठवायचा असेल तर एकच कोकरू असलेल्या मेंढीचा जास्तीचा, नाही तर शेळीचा किंवा गाईचा, १००-१०० मिलीच्या बाटल्यांत फ्रीजरला ठेवा. वितळवताना गॅसवर ठेवायचा नाही. चीक तापला की खरवस होतो, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं. त्यात प्रतिपिंडंही मरतात. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा, हात सहज बुडवता येईल इतपतच पाणी गरम.