बेघरांविषयीचे संशोधन अनेक संस्थांनी मिळून कसे करावे?

प्रश्न
नमस्कार. आमच्या शहरात बेघरांसाठी काम करणाऱ्या सहा संस्थांनी एकत्र संशोधन करायचे ठरवले असून समन्वयाची जबाबदारी माझ्यावर आली आहे. प्रत्येक संस्थेची नोंदवही वेगळी आहे, एकच माणूस तीन वह्यांत सापडतो आणि वर्षातून एका रात्री होणाऱ्या गणनेचा आकडा कोणत्याही वहीशी जुळत नाही. सुरुवात नव्या सर्वेक्षणाने करावी की आहेत त्या नोंदी जुळवून घ्याव्यात?

पहिले उत्तर
नव्या सर्वेक्षणाची घाई करू नये. एका रात्रीची गणना त्या रात्री कोण बेघर होते एवढेच सांगते. वर्षभरात किती जण नव्याने बेघर झाले, किती जणांना घर मिळाले आणि किती जण परतले, हे तिच्यातून कळत नाही. कून आणि कल्हेन या संशोधकांनी न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया येथील निवाऱ्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून १९९८ मध्ये दाखवून दिले, की निवाऱ्यात येणाऱ्या एकट्या प्रौढांपैकी सुमारे १० टक्के लोकच तेथील सर्वांच्या मुक्कामाच्या एकूण दिवसांपैकी जवळपास निम्मे दिवस व्यापतात; बहुतेक जण थोडा काळ राहून जातात. हे जुन्या नोंदींतूनच उमगले. म्हणून सहाही संस्थांची मिळून एकच नावनिहाय यादी करावी आणि ती दर महिन्याला तपासावी. ती कोण पाहू शकेल, याचा लेखी करार मात्र आधी व्हावा, कारण छळाला कंटाळून घर सोडलेल्या स्त्रीचा ठावठिकाणा भलत्या हाती पडला तर तिच्या जिवावर बेतू शकते.

दुसरे उत्तर
मी स्वतः दोन वर्षे रस्त्यावर काढली आहेत. त्या काळात चार वेळा माझी मुलाखत घेतली गेली आणि दर वेळी ‘घर का सुटले’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत आला. त्या मुलाखतींतून काय निष्पन्न झाले, हे मला एकदाही कोणी सांगितले नाही. आपण प्रश्नावली ठरवतानाच बेघर राहिलेल्या माणसांना सोबत घ्यावे, त्यांना इतर संशोधकांप्रमाणे मानधन द्यावे आणि संमती नाकारली तरी जेवण व निवारा मिळेल, हे प्रत्येकाला स्पष्ट सांगावे. रात्री स्त्रिया मुद्दाम नजरेआड राहतात. त्या कोठे सापडतील हे रस्त्यावर राहिलेल्या स्त्रीलाच ठाऊक असते.

तिसरे उत्तर
वरील दोन्ही मतांशी मी सहमत आहे. फक्त संशोधनाचा प्रश्न नीट निवडावा. कोणतीही पूर्वअट न घालता आधी घर द्यावे, ही पद्धत १९९२ पासून न्यूयॉर्कमध्ये राबवली गेली आणि २००९ ते २०१३ या काळात कॅनडातील पाच शहरांत, सुमारे २,००० मानसिक आजार असलेल्या बेघर व्यक्तींच्या सहभागाने, तिची चाचणी झाली. घर टिकण्याचे प्रमाण तेथे नेहमीच्या सेवांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळले. तेव्हा घर दिल्याने फरक पडतो का, हे पुन्हा शोधण्यात वर्ष घालवू नये. यादीत नाव आल्यापासून घराची किल्ली हाती पडेपर्यंत किती दिवस गेले आणि ते कागदपत्रांअभावी, घरमालकाच्या नकारामुळे की मंजुरीच्या प्रतीक्षेत गेले, एवढेच सहाही संस्थांनी एकाच पद्धतीने नोंदवावे.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचा आभारी आहे. पुढील बैठकीत आधी कराराचा मसुदा ठेवतो आणि त्या बैठकीला निवाऱ्यातील दोन रहिवाशांनाही बोलावतो.