जन्मदेशाचा अभिमान: त्यात आपलं काय?

मांडवीकाठ
माझे आजोबा १९४० साली डिचोलीत जन्मले. त्यांच्या जन्मनोंदीचा उतारा मध्यंतरी काढला. सगळा पोर्तुगीजमध्ये, तिरक्या हस्ताक्षरात, आणि आडनावाचं स्पेलिंग असं की घरच्यांनाही पटकन ओळखता येईना. १९५१ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारनं गोव्याला वसाहत म्हणणं बंद करून 'सागरापारचा प्रांत' ठरवलं. म्हणजे कागदोपत्री आजोबा चक्क पोर्तुगालात वाढले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि ते भारतीय झाले. घर तेच, विहीर तीच. आता त्याच उताऱ्याच्या आधारावर माझे दोन चुलतभाऊ पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडमध्ये स्विंडनला कामाला आहेत.

आजोबांनी जन्मदेशाचा अभिमान बाळगायचा तर नेमक्या कुठल्या देशाचा? कुठे जन्मलो यात आपलं कर्तृत्व शून्य. गोव्यावर माझा जीव आहे, ते वेगळं. अभिमान मात्र माणसानं स्वतः केलेल्या कामाचाच धरावा, असं माझं ठाम मत आहे.

सदाफुली
अजिबात पटलं नाही. मुलगी बोर्डात आली की आईची मान ताठ होते. पेपर काय आईनं लिहिलेला असतो? आपलं माणूस म्हटलं की त्याच्या यशात आपण असतोच. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ उतरलं तेव्हा आमच्या ऑफिसात हिशेब लिहिणारी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. यानाचा एक स्क्रूही त्यांनी पिळलेला नव्हता. तो आनंद खोटा होता असं मी तरी म्हणणार नाही.

आणि देश म्हणजे उतारा नव्हे. पोर्तुगिजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा लोकांनी मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला नेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला नेली. तुमच्या आजोबांना घडवलं ते या आठवणीनं. लिस्बनच्या शिक्क्यानं नाही.

चवदार
आठवणींचं म्हणताय तर माझ्याही ऐका. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी माणसांना सत्याग्रह करावा लागला. त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती. १९३१ मध्ये मुंबईच्या मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना तोंडावर सांगितलं की मला मायभूमी नाही. ज्या देवळांच्या स्थलांतराचा तुम्हाला अभिमान, त्यांत माझ्या पणजोबांना पाऊल टाकता आलं असतं का? 'आपण' म्हणताना त्यात कोण कोण बसतं, हे आधी ठरवा.

मला अभिमान आहे तो महाडच्या त्या माणसांचा.

सदाफुली
चवदार, नसतं टाकता आलं. त्याची मला लाज वाटते, आणि हे मनापासून लिहितेय. पण माझा मुद्दा इथेच आहे. १९२७ मध्ये मी जन्मलेही नव्हते. मांडवीकाठ यांचा नियम लावला तर मी काही केलं नाही, मग लाज तरी कशाची? 'माझा काय संबंध' म्हणून मी हात झटकू शकते. देश आपला मानला तरच त्याची पापं आपल्याला टोचतात. लाज स्वीकारायची आणि अभिमान नाकारायचा, हे जमत नाही. बाबासाहेबांनीही 'मला मायभूमी नाही' असं सांगितल्यावर देशाकडे पाठ फिरवली नाही. त्याच देशाच्या घटनेच्या मसुदा समितीचं अध्यक्षपद सांभाळलं.

मांडवीकाठ
लाजेचा मुद्दा वजनदार आहे. पण अन्याय निस्तरायला लाज लागतेच असं नाही. शेजारच्या गावात अन्याय झाला तरी माणूस धावतो. मोहन रानडे सांगलीचे. गोव्याशी जन्माचं नातं नाही. इथे येऊन मराठी शिकवत लढ्यात पडले, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. पुढे पोर्तुगालच्या तुरुंगात नेलं, आणि गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षं ते तिथेच. १९६९ च्या जानेवारीत सुटका. अभिमान धरावा तर अशा माणसाचा, आणि त्यानं तो जन्मावर मिळवलेला नाही.

सदाफुली
रानडे सांगलीहून का आले, ते पण बघा ना! गोवा आपला आहे, या एकाच भावनेनं. उद्या कुणी अंगोलाला चल म्हटलं असतं तर गेले असते का? तिथेही पोर्तुगीजच होते. तुम्ही ज्या कामाचं कौतुक करता, त्या कामामागे तुम्हाला नको असलेला अभिमानच उभा आहे.

चवदार
सदाफुली, इथे तुमचं बरोबर आहे. पण हाच अभिमान अन्याय झाकायलाही वापरतात. जातीवर बोललं की 'देशाची बदनामी करू नका' हे मी कॉलेजपासून ऐकत आलोय. म्हणणारे सगळे देशाभिमानी. त्यांना तुमच्यासारखी लाज कधी वाटताना पाहिली नाही.

मांडवीकाठ
मला हीच भीती आहे.

रानड्यांबद्दल मात्र मी अजून तिथेच आहे. त्यांनी सीमा मानली नाही, म्हणून ते मोठे. आणि एक प्रश्न उरतोच: चुलतभावाची मुलगी स्विंडनला जन्मली, पासपोर्ट पोर्तुगालचा, घरी कोकणी, आजीशी फोनवर मराठी. जन्मदेशाचाच नियम असेल तर तिनं इंग्लंडचा अभिमान बाळगायचा आणि रानडे तिचे कुणीच नाहीत. हे सदाफुलींना तरी मान्य आहे का?